किती तास? : संदेशवहनाच्या राखीव विजेची भारतीय कहाणी

31 जुलै 2012 रोजी दुपारी 1 वाजता भारतातील उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही विभागांची वीजजाळी कोसळली. आदल्याच दिवशी, 30 जुलैच्या पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी उत्तर विभागाचे जाळे एकदा कोसळले होते आणि मोठ्या प्रयासाने पुन्हा उभे केले गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या घटनेची झळ 60 कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशाला बसली. दिल्लीची मेट्रो थांबली, रेल्वेगाड्या जागोजागी खोळंबल्या, पश्चिम बंगालमधील कोळसाखाणींत कामगार अडकून पडले. मात्र ज्यांच्या घरी तांब्याच्या तारेवरचा जुना दूरध्वनी होता, त्यांच्या त्या यंत्राला घरातील वीज असण्या-नसण्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याला लागणारी वीज बोलण्याच्या तारेतूनच, दूरध्वनी केंद्रातील बॅटरीकडून येत असे.

या साध्या सोयीमागे दीर्घ काळ घडत गेलेला एक हिशेब होता. मुख्य वीज गेली तर संदेशवहनाची यंत्रे किती तास चालली पाहिजेत, आणि त्यासाठी केवढी बॅटरी ठेवावी, हा तो हिशेब. दूरध्वनी केंद्रातील अभियंते तो आपल्या वतीने करत, म्हणून आपल्याला तो कधी दिसला नाही. प्रकाशतंतू घरापर्यंत पोहोचला तेव्हा बॅटरीची जबाबदारी मात्र निमूटपणे केंद्रातून आपल्या दिवाणखान्यात आली. ती कशी आली, आणि जुन्या अभियंत्यांच्या अनुभवातून आपण काय घ्यावे, याचा हा आढावा.

भारतातील तारायंत्राचा आरंभ विल्यम ओशॉनेसी यांच्या प्रयोगांनी झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या डॉक्टरांनी 1839 मध्ये कलकत्त्याजवळ प्रायोगिक तार उभारली. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही मार्गिका 1850-51 मध्ये आली. 1854 मध्ये कलकत्ता-आग्रा मार्ग सुरू झाला आणि पाठोपाठ मुंबई व मद्रास ही शहरे जाळ्यात आली. त्या काळी सार्वजनिक वीजपुरवठा नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. त्यामुळे ‘राखीव वीज’ असा वेगळा विचार संभवत नव्हता. रासायनिक घट हाच विजेचा एकमेव उगम होता. जॉन डॅनियल यांचा 1836 मधील तांबे-जस्ताचा घट स्थिर दाब देत असे, म्हणून तारायंत्रांच्या जगात त्याला मान होता.

तारघरातील प्रश्न वेळेपेक्षा दाबाचा अधिक होता. तार जितकी लांब तितका तिचा रोध मोठा, आणि पलीकडचे यंत्र हलवण्यापुरता प्रवाह पोहोचवायचा तर एकसरीत अधिक घट जोडावे लागत. पावसाळ्यात ओलसर खांबांवरून प्रवाह जमिनीत झिरपे. त्याची भरपाईही दाबातूनच करावी लागे. म्हणजे मोजमापाचा पहिला धडा भारतीय मॉन्सूनने तेव्हाच शिकवला होता : कागदावरचा भार आणि प्रत्यक्षातला भार वेगळा असतो, आणि हिशेब वाईट ऋतूचा धरावा लागतो.

28 जानेवारी 1882 रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. आरंभीच्या दूरध्वनी पद्धतीत प्रत्येक ग्राहकाच्या यंत्राला स्वतःचा घट असे. केंद्राला हाक मारण्यासाठी हातदांडा फिरवावा लागे आणि बोलण्यासाठीचा प्रवाह घरातला घट पुरवी. अशी बॅटरी घरोघर विखुरलेली असली की तिची निगा राखणे हे न संपणारे काम होते. कोणता घट सुकला, कोणता गळू लागला, हे तक्रार आल्यावरच कळे. 1890 च्या दशकात अमेरिकेत ‘समाईक बॅटरी’ची पद्धत आली आणि पुढे जगभर रुजली. सगळ्या ग्राहकांचा विद्युतप्रवाह एकाच केंद्रातून, एकाच मोठ्या बॅटरीतून जाऊ लागला. घरातले यंत्र हलके, स्वस्त आणि निष्काळजी झाले. काळजी केंद्राकडे गेली.

ही बॅटरी शिसे-आम्लाची होती. गॅस्तों प्लान्ते यांनी 1859 मध्ये शोधलेला हा घट पुनःपुन्हा भारित करता येतो आणि साधारण 2 व्होल्ट दाब देतो. असे 24 घट एकसरीत जोडले की 48 व्होल्ट होतात. हा आकडा विचारपूर्वक रूढ झाला : कित्येक किलोमीटर लांबीच्या बारीक तारेतून पुरेसा प्रवाह ढकलण्याइतका तो मोठा आहे आणि माणसाचा स्पर्श झाला तरी सामान्यतः घातक ठरू नये इतका लहान आहे. बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात, म्हणजे तारा जमिनीच्या मानाने ऋण राहतात आणि ओलाव्यात तांबे कमी झिजते.

या रचनेतील खरी खुबी जोडणीत होती. मुख्य विजेवर चालणारा एकदिशकारक आणि बॅटरी ही दोन्ही यंत्राला सतत समांतर जोडलेली असत. वीज असताना बॅटरी साधारण 54 व्होल्टवर तरंगत्या अवस्थेत भरलेली राही. वीज जाताच काहीही बदलावे लागत नसे, कोणतीही कळ फिरवावी लागत नसे. प्रवाह बॅटरीतून वाहू लागे. चालू असलेल्या संभाषणाला त्याची चाहूलही लागत नसे. तासांवर तास गेले तर डिझेल जनित्र हाताशी असे. बॅटरीचे काम जनित्र सुरू होईपर्यंत, आणि ते बिघडल्यास दुरुस्त होईपर्यंत, वेळ देण्याचे होते.

मग ‘किती तास’ हे ठरवायचे कसे? येथे दोन शास्त्रीय अडचणी होत्या. पहिली बॅटरीच्या स्वभावाची. 1897 मध्ये विल्हेल्म पॉयकर्ट यांनी दाखवून दिले की शिसे-आम्ल बॅटरीतून जितक्या वेगाने वीज काढावी, तितकी ती एकूण कमी मिळते. म्हणून ‘7 ॲम्पिअर-तास’ हा आकडा अपुरा आहे. तो किती तासांच्या दराने मोजला हे सांगितले पाहिजे. लहान बॅटऱ्यांवर तो बहुधा 20 तासांच्या दराने छापलेला असतो. तीच बॅटरी तासाभरात रिकामी करू गेल्यास छापील आकड्याच्या सुमारे 60 टक्केच हाती लागते. दूरसंचाराच्या मोठ्या बॅटऱ्यांची क्षमता आपल्याकडे 10 तासांच्या दराने सांगण्याची रीत आहे, ती या कारणाने.

दुसरी अडचण भाराची. 1913-14 मध्ये सिमल्याला भारतातील पहिले स्वयंचलित दूरध्वनी केंद्र उभे राहिले. अशा विद्युत-यांत्रिक केंद्रात जितकी संभाषणे अधिक, तितके विद्युतचुंबक अधिक हलत आणि तितका प्रवाह अधिक लागे. डेन्मार्कचे ए. के. एरलांग यांनी 1909 पासून दूरध्वनी वाहतुकीचे संभाव्यताशास्त्र मांडले. दिवसातील सर्वांत गर्दीच्या तासाचा विचार त्यामुळे पक्क्या पायावर आला. हा विचार राखीव विजेलाही लागू पडतो. वादळ, पूर किंवा दंगल अशा प्रसंगी वीज जाते आणि त्याच क्षणी सारे गाव दूरध्वनीकडे धावते. बॅटरीवर सर्वाधिक भार येतो तो तिची सर्वाधिक गरज असताना. सरासरीवर बेतलेली बॅटरी नेमकी तेव्हा दगा देते.

आतापर्यंतची दिशा बॅटरी वाढवण्याची होती. भारताने या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहिले ते 1980 च्या दशकात. ऑगस्ट 1984 मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. परदेशी बनावटीची अंकीय केंद्रे वातानुकूलित खोलीत ठेवावी लागत. खेड्यात वीज बेभरवशाची. वातानुकूलन यंत्र चालवण्याइतकी वीज बॅटरीतून पुरवणे परवडणारे नव्हते. वीज गेली, खोली तापली, की भरलेली बॅटरी असूनही केंद्र बंद पडण्याचा धोका. सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने घडलेल्या सी-डॉटच्या अभियंत्यांनी ग्रामीण स्वयंचलित केंद्र असे रचले की त्याला वातानुकूलनच लागू नये. विजेची गरज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून थंडाव्याची गरज नाही. 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे असे पहिले केंद्र बसले आणि पुढे ही केंद्रे देशभरातील हजारो खेड्यांत पोहोचली. राखीव विजेच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा भारतीय धडा म्हणावा लागेल : बॅटरी वाढवण्यापूर्वी भार घटवावा. वाचवलेल्या प्रत्येक वॅटसाठी बॅटरी, भारक, जागा आणि थंडावा या चारही गोष्टी कमी लागतात.

31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यातील संभाषणाने भारतात मोबाइल युग सुरू झाले. मोबाइलने घराची तार काढून टाकली, पण बॅटरीचा प्रश्न काढला नाही. तो हजारो, पुढे लाखो मनोऱ्यांवर वाटला गेला. एका मनोऱ्याचे गणित करून पाहू. यंत्रांचा भार 2 किलोवॅट आणि हवा असलेला काळ 8 तास धरला, तर ऊर्जा लागते 16 किलोवॅट-तास. ती 48 व्होल्टने भागली की सुमारे 333 ॲम्पिअर-तास होतात. बॅटरी 80 टक्क्यांहून अधिक रिकामी करायची नाही असे ठरवले तर 417. काही वर्षांनी तिची क्षमता 80 टक्क्यांवर येईल तेव्हाही 8 तास मिळाले पाहिजेत असे म्हटले तर सुमारे 520. म्हणजे साध्या भागाकाराने आलेल्या उत्तराच्या दीडपटीहून अधिक.

त्यातही हा हिशेब अधूनमधून जाणाऱ्या विजेचा झाला. जिथे रोजच दीर्घकाळ भारनियमन आहे, तिथे आणखी एक प्रश्न उभा राहतो : रिकामी झालेली बॅटरी पुढच्या खंडापूर्वी पुन्हा भरणार केव्हा? अर्धवट भरलेली शिसे-आम्ल बॅटरी तशीच वापरत राहिले की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तिची क्षमता कायमची घटते. उन्हाचा मारा वेगळाच. भारतात बॅटरीचे मानांकन 27 अंश सेल्सिअसला धरतात. तापमान सुमारे 10 अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. राजस्थान किंवा विदर्भातील उन्हाळ्यात उघड्यावरच्या पेटीत हे 10 अंश वाढायला सकाळ पुरते. म्हणून मनोऱ्यांची मदार डिझेलवर गेली. त्याचा खर्च आणि धूर इतका वाढला की 2012 मध्ये दूरसंचार विभागाने ग्रामीण भागातील निदान 50 टक्के आणि शहरी भागातील 20 टक्के मनोरे 2015 पर्यंत संमिश्र, म्हणजे अपारंपरिक ऊर्जेची जोड असलेल्या विजेवर आणावेत, असे उद्दिष्ट घालून दिले. राखीव विजेचा आकार हा आता पर्यावरणाचाही प्रश्न झाला होता.

आणि काही प्रसंगी तो जीवनमरणाचा होतो. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळात सुमारे 10,000 माणसे दगावली. वीज आणि दूरध्वनी दोन्ही कोलमडले आणि किनारी जिल्ह्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. त्या दिवसांत हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाला हातभार लावला. असा रेडिओसंच वाहनाच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालू शकतो. लहान भाराचे सामर्थ्य येथेही दिसते. 3 मे 2019 रोजी पुरीजवळ फनी वादळ धडकले तेव्हा पूर्वसूचना आणि स्थलांतर यांमुळे मनुष्यहानी फार कमी झाली, तरी वीज आणि मोबाइल सेवा सावरायला बरेच दिवस लागले. सूचना वादळापूर्वी पोहोचवावी लागते आणि मदतीची हाक वादळानंतर ऐकावी लागते. त्या दुसऱ्या कामासाठी ‘किती तास’चे उत्तर तासांत पुरत नाही.

दरम्यान घराघरांत शांतपणे एक बदल झाला. तांब्याच्या तारेची जागा प्रकाशतंतूने घेतली. काच प्रकाश वाहून नेते, वीज नेत नाही. त्यामुळे घरातील टोकाचे यंत्र, ज्याला ओएनटी म्हणतात, आणि वाय-फाय राउटर यांना घरातलीच वीज लागते. 1882 मधील ग्राहकाप्रमाणे आपण पुन्हा आपापल्या घटाचे मालक झालो आहोत. फरक इतकाच की ही जबाबदारी आपल्यावर आली आहे, हे कोणी बजावून सांगितले नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली तेव्हा ते उमगले. करोनाचा काळ होता, कार्यालये आणि वर्ग घरात आले होते. लोकलगाड्या थांबल्या, आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

तेव्हा घरातल्या बॅटरीचा हिशेब आपणच करायला शिकले पाहिजे. बाजारात पहिली गफलत एककांची होते. यूपीएसवर ‘600 व्हीए’ असे ठळक लिहिलेले असते. हा आकडा यंत्र एका वेळी किती भार उचलू शकेल ते सांगतो; किती वेळ उचलेल ते सांगत नाही. मोट मोठी असली म्हणून विहीर खोल होत नाही. विहिरीची खोली वॅट-तासांत मोजतात. अशा यूपीएसमध्ये अनेकदा 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-तासांची एकच बॅटरी असते, म्हणजे नावापुरते 84 वॅट-तास.

आता भार मोजू. अडॅप्टरवर छापलेले ‘12 व्होल्ट, 2 ॲम्पिअर’ ही त्याची कमाल मर्यादा. यंत्र प्रत्यक्षात बरेच कमी घेते. मापकावर ओएनटी 8 आणि राउटर 10 वॅट घेतो असे दिसले, असे समजू. एकूण 18 वॅट. 4 तास हवेत, म्हणून 72 वॅट-तास. रूपांतरात 15 टक्के वाया जाते असे धरून 0.85 ने भागले की सुमारे 85. बॅटरीतील 80 टक्केच वापरायची, म्हणून सुमारे 106. वयोमानाने तिची क्षमता 80 टक्के उरेल तेव्हाही चालावे, म्हणून सुमारे 132 वॅट-तास. 12 व्होल्टने भागता 11 ॲम्पिअर-तास. मनोऱ्यासाठी वापरलेले पायरीपायरीचे गणित हेच होते. बदलले ते फक्त आकडे.

या उत्तराच्या उजेडात वरचा यूपीएस पाहावा. 84 वॅट-तासांपैकी 80 टक्के, म्हणजे 67 वापरता येतील. बॅटरीतील 12 व्होल्टचे 230 व्होल्ट करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा 12 करायचे, या द्राविडी प्राणायामात यंत्र स्वतःच 10 वॅट खात असेल तर भार 28 वॅट होतो. नवे असताना जेमतेम 2 तास 25 मिनिटे, जुने झाल्यावर 2 तासांहून कमी. त्याऐवजी थेट 12 व्होल्ट देणारा छोटा यूपीएस घेतला तर दुहेरी रूपांतर टळते. मात्र त्यावरील ‘10,000 एमएएच’ हा आकडा आतील 3.7 व्होल्टच्या घटांचा असेल, तर त्याचे होतात 37 वॅट-तास. आपल्या 18 वॅटच्या भाराला 2 तासही पुरणार नाहीत. ॲम्पिअर-तासांची तुलना व्होल्ट पाहिल्याशिवाय करू नये.

दुसरी गफलत साखळीची. घरातला राउटर चालू राहिला, पण वाटेतल्या पेटीतील विजेवर चालणारे यंत्र बंद पडले, तर आपली बॅटरी व्यर्थ. केंद्रापासून घरापर्यंत केवळ काचेचे विभाजक असतील, जसे जीपॉन पद्धतीत असतात, तर मधल्या टप्प्याला वीज लागत नाही. पण गल्लीतल्या खांबावर किंवा जिन्याखाली केबलवाल्याचा स्विच असेल तर लागते. सेवा देणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पुरता अधिकार आहे. आपली साखळी सर्वांत कमी तासांच्या कडीइतकीच टिकते.

तिसरी गोष्ट, जुन्या दूरध्वनी केंद्रांत बॅटरीच्या नोंदवहीवर आणि ठरावीक काळाने होणाऱ्या चाचणीवर भर असे. घरीही ते जमण्याजोगे आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना, सोयीच्या दिवशी मुख्य वीजजोडणी काढावी, घड्याळ लावावे आणि किती वेळ संपर्क टिकतो ते लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. आकडा उतरू लागला की बॅटरी स्वतःचे वय सांगू लागली असे समजावे.

घरात प्राणवायूच्या यंत्रावर कोणी असेल, दूर राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांचा दूरध्वनी प्रकाशतंतूवर असेल, किंवा ऑनलाइन परीक्षा तोंडावर असेल, तर ‘किती तास’ हे आजच ठरवावे लागेल. आपला भार किती वॅट, आपल्या भागात वीज जास्तीत जास्त किती तास जाते, आणि त्या वेळात कोणते एक यंत्र चालू राहिलेच पाहिजे, एवढे तीन मुद्दे कागदावर मांडले की उरते ती केवळ अंकगणिताची रीत. शंभर वर्षे ती रीत केंद्रातील कोणा अनामिक अभियंत्याने आपल्यासाठी सांभाळली. आता तो कागद आपल्या हाती आहे.